फवारणी पंपाची गळती आणि तुंबणे : कारणे व उपाय

(शेतकरी प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



फवारणीचा पंप बिघडतो तो बहुधा भर फवारणीत. घरात खुंटीला टांगलेला असताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पावसाने जरा उघडीप दिलेली असते, गडी कामावर आलेले असतात, औषध पाण्यात कालवून तयार असते, आणि नेमक्या त्या वेळी नोझल तुंबते किंवा पाठीला ओल लागू लागते. आभाळ पुन्हा भरून येत असते. अशा घाईत माणूस दोन गोष्टी करतो. तुंबलेले नोझल काढून तोंडाने फुंकतो, आणि गळणाऱ्या सांध्याला चिंधी बांधून काम पुढे रेटतो. या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे सवयीच्या झालेल्या असल्या तरी दोन्ही जिवावर बेतू शकतात. म्हणून पंप गळतो का, तुंबतो का, आणि तो नीट कसा करावा, याचा विचार फवारणीच्या दिवशी न करता आधी शांतपणे करणे इष्ट आहे.

थेंबाचा हिशेब

गळती म्हणजे औषधाची नासाडी, एवढाच विचार पुष्कळदा केला जातो. नासाडी होते हे खरेच. परंतु ते दुय्यम होय. साधारणपणे २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, आणि पंपाच्या झाकणातून सेकंदाला एकच थेंब पाठीवर पडतो असे मानले, तर मिनिटाला ३ मिलिलिटर आणि तासाला १८० मिलिलिटर द्रावण अंगावर पडते. चार तासांच्या फवारणीत हा आकडा ७२० मिलिलिटर, म्हणजे पाऊण लिटरच्या जवळपास जातो. एवढे विषारी पाणी कोणी ओंजळीत घेऊन अंगाला चोळणार नाही. पण गळका पंप तेच काम नकळत करीत असतो.

कीटकनाशक पोटात गेले तरच बाधते, हा समज चुकीचा आहे. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात विष शिरण्याचा मोठा मार्ग त्वचा हाच आहे. घामाने भिजलेली व उन्हाने तापलेली त्वचा ते अधिक वेगाने शोषून घेते, आणि काख, मांडीचा सांधा अशा नाजूक जागी तर हे शोषण फारच अधिक होते. पाठीवरून ओघळलेले द्रावण कंबरेच्या कपड्यात मुरते व तेथेच दिवसभर अंगाला चिकटून राहते.

२०१७ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेला अनेक कारणे होती. कापूस माणसाच्या उंचीला आलेला होता, हवा दमट होती, निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. तो सर्व दोष पंपावर टाकणे योग्य होणार नाही. परंतु अंगावर औषध पडणे ही किती गंभीर बाब आहे, हे त्या घटनेने साऱ्या देशाला दाखवून दिले. गोव्यातील काजूवरचा ढेकण्या, आंब्यावरील तुडतुडे किंवा भाजीवरील अळी यांसाठी पंप पाठीवर घेणाऱ्या शेतकऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

पंप चालतो कसा

दुरुस्ती समजण्यासाठी पंपाची रचना समजली पाहिजे. पाठीवरच्या हातपंपाची टाकी बहुधा १६ लिटरची असते. बाजूचा दांडा हलविला की सिलिंडरमधील दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याच्या टोकाला चामड्याचा किंवा रबराचा वाटीसारखा वायसर असतो. तो सिलिंडरच्या भिंतीला घट्ट घासत जातो. सिलिंडरला दोन झडपा असतात. दट्ट्या एका दिशेने गेला की पहिली झडप उघडते आणि टाकीतील द्रावण आत ओढले जाते. तो उलट फिरला की पहिली मिटते, दुसरी उघडते आणि द्रावण प्रेशर चेंबरमध्ये ढकलले जाते. या कुपीत वरच्या बाजूला हवा कोंडलेली असते. ती दाबली जाते व स्प्रिंगसारखी द्रावणाला सतत पुढे रेटते. तेथून द्रावण रबरी नळीत, नळीतून कॉककडे, कॉकमधून लांब कांडीत आणि अखेर नोझलमध्ये जाते.

यावरून पंपाचे दोन भाग पडतात. टाकीपासून सिलिंडरपर्यंतचा भाग ओढणारा, आणि सिलिंडरपासून नोझलपर्यंतचा भाग ढकलणारा. ढकलणाऱ्या भागात कोठे फट पडली तर तेथून द्रावण बाहेर येते व डोळ्यांना दिसते. ओढणाऱ्या भागात फट पडली तर द्रावण बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाण्याचा संभव असतो. अशा वेळी कोठेही थेंब दिसत नाही. परंतु फवारा तुटक येतो, मध्येच फुरफुरतो आणि कितीही दांडा मारला तरी दाब बसत नाही. हा एवढा भेद ध्यानात ठेवला तर निम्मे निदान तेथेच होते.

साध्या पाण्याची परीक्षा

पंपाची तपासणी औषध भरून कधीही करू नये. फवारणीच्या आदल्या दिवशी, दुकान उघडे असताना आणि वायसर आणायला वेळ हाताशी असताना, टाकीत स्वच्छ पाणी भरावे. पंप कोरड्या जागी, शक्य तर शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा फरशीवर ठेवावा, म्हणजे पडलेला थेंब लगेच उमटतो. बाहेरून सर्व भाग फडक्याने पुसून कोरडे करावेत. कॉक बंद ठेवून, दांडा जड लागेपर्यंत दाब भरावा आणि पाच मिनिटे पंपाला हात न लावता थांबावे.

मग पाण्याच्या वाटेनेच तपासत जावे. प्रथम टाकी व तिचा तळ, नंतर सिलिंडरची बैठक, प्रेशर चेंबर, नळीची दोन्ही टोके, कॉक, कांडीचे आटे आणि शेवटी नोझल. प्रत्येक सांध्यावरून कोरडे बोट फिरवावे. त्यानंतर कॉक दाबून फवारा पाहावा, आणि कॉक सोडल्यावर फवारा ताबडतोब थांबतो की थेंब पडत राहतात, तेही पाहावे. शेवटी झाकण घट्ट लावून भरलेला पंप पाठीवर घ्यावा, थोडे वाकावे, चालावे व पुन्हा खाली ठेवून पाठ ओली झाली का ते बघावे. पंप जमिनीवर ठेवला असता न गळणारे झाकण वाकल्यावर हमखास गळते. म्हणून ही शेवटची पायरी गाळू नये.

गळती : जागा आणि उपाय

झाकणातून गळती. पाठ भिजविणारी ही नेहमीची गळती होय. झाकणाखालचे रबरी कडे फाटलेले, कडक झालेले किंवा हरवलेले असते. ते बदलावे. टाकी खुणेपेक्षा वर भरू नये. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक किंवा छोटी झडप असते. ती बिघडली तर वाकल्यावर तेथून द्रावण येते, आणि ती बुजली तर टाकीत हवा शिरत नाही, टाकीच्या बाजू आत ओढल्या जातात व फवारा कमी होत जातो. गळती थांबावी म्हणून हे भोक मेणाने किंवा लाकडाच्या खुंटीने बंद करणाऱ्यांचा पंप थोड्याच वेळात दम सोडतो, तो याच कारणाने.

दांड्याला जोर नाही, दाब बसत नाही. येथे बहुधा दट्ट्याचा वायसर झिजलेला किंवा सुकलेला असतो. चामड्याचा वायसर उन्हाळाभर कोरडा राहिला की आखडतो. तो काढून गोड्या तेलात भिजवावा, मऊ झाल्यावर बोटांनी वाटीचा आकार द्यावा आणि पुन्हा बसवावा. कड फाटली असेल तर मात्र नवीनच घालावा. रबराच्या वायसरला रॉकेल किंवा डिझेल लावू नये. त्याने रबर फुगते व बिघडते.

दांडा आपोआप वर येतो. दांडा दाबून सोडला असता तो मागे ढकलला जात असेल, तर पुढची झडप मिटत नाही असे समजावे. कुपीतील दाब उलट सिलिंडरमध्ये येत असतो. झडपेच्या गोळीखाली किंवा चकतीखाली वाळूचा कण, सुकलेल्या औषधाचा पापुद्रा किंवा पानाचा तुकडा अडकलेला असतो. झडप खोलून धुवावी. बैठकीवर चरा पडला असेल तर झडपच बदलावी.

सांध्यातून व नळीतून गळती. आट्यांचा सांधा गळतो तेव्हा पान्याने तो अधिकाधिक आवळण्याचा मोह होतो. प्लॅस्टिकचे आटे त्यामुळे फाटतात आणि लहान बिघाडाचा मोठा होतो. सांधा खोलून आत वायसर आहे का, तो सरळ बसला आहे का, हे आधी पाहावे. धातूच्या आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळता येते, पण ती वायसरची जागा घेऊ शकत नाही. नळी टोकाशी चिरली असेल तर चिरलेला भाग कापून, नळी पुन्हा बसवून क्लिप आवळावी. नळी मध्येच चिरली असेल तर ती टाकून द्यावी. चिंधी किंवा सुतळी बांधल्याने गळती थांबत नाही. ती चिंधी विष शोषून घेते आणि हात लावणाऱ्याच्या हातावर सोडते.

कॉक सोडल्यावरही थेंब पडतात. कॉकमधील रबरी कडे झिजले आहे किंवा त्याच्या बैठकीवर कण अडकला आहे असे जाणावे. पुष्कळ शेतकरी या गळतीकडे दुर्लक्ष करतात. परंतु एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जाताना हेच थेंब पायांवर पडतात.

टाकीला तडा. तडा गेलेली टाकी डांबराने, लाखेने किंवा तापल्या लोखंडाने सांधू नये. पाठीवर १६ लिटरचे वजन हिंदकळत असताना असा जोड कधी उघडेल याचा नेम नसतो. अशी टाकी बदलणे हाच उपाय होय.

तुंबणे : शोध आणि सफाई

फवारा एकाएकी बारीक झाला, एका बाजूने येऊ लागला किंवा बंद पडला, आणि दांडा मात्र जड लागत असेल, तर पुढे कोठेतरी वाट अडली आहे. दांडा हलका लागत असेल तर अडथळा मागच्या, ओढणाऱ्या भागात आहे किंवा टाकीच रिकामी आहे.

कोणताही सांधा खोलण्यापूर्वी दाब उतरविला पाहिजे. दांडा मारणे थांबवून, कांडी जमिनीकडे धरून, धार संपेपर्यंत कॉक उघडा ठेवावा. परंतु नोझलच पूर्ण तुंबलेले असेल तर या रीतीने दाब उतरत नाही, हे विसरता कामा नये. अशा वेळी नोझल अंगापासून व दुसऱ्या माणसांपासून दूर, जमिनीकडे तोंड करून धरावे, आपला चेहरा बाजूला वळवावा आणि हातमोजे घातलेल्या हाताने नोझलची टोपी अर्धा फेरा सैल करून द्रावण सावकाश बाहेर येऊ द्यावे. एकदम टोपी काढल्यास कोंडलेले द्रावण थेट डोळ्यांत उडते.

त्यानंतर पुढून मागे एकेक पायरी यावे. नोझल काढल्यावर कांडीतून मोकळी धार आली तर दोष नोझलमध्ये आहे. आली नाही तर कांडी काढून कॉकमधून धार येते का पाहावे. तेथेही न आल्यास कॉकच्या मुठीतील गाळणी, मग नळी, मग झडप. या क्रमाने गेले म्हणजे सगळा पंप खोलून भाग चिखलात हरवण्याची पाळी येत नाही.

नोझलमध्ये टोपी, भोकाची चकती, द्रावणाला गिरकी देणारा भाग आणि बारीक गाळणी असे तुकडे असतात. ते स्वच्छ पाण्यात बुडवून जुन्या, पण पुन्हा दातांसाठी न वापरावयाच्या ब्रशाने घासावेत. भोकात अडकलेला कण गवताच्या काडीने हळूच मागे ढकलावा. तार, टाचणी किंवा खिळा घालू नये. भोक केसभर जरी मोठे वा वाकडे झाले तरी फवाऱ्याचा आकार बिघडतो आणि औषध अधिक पडू लागते. आणि नोझल तोंडाने फुंकणे किंवा नळी तोंडाने ओढणे हे तर सर्वथा वर्ज्य समजावे. सर्वांत सोपा उपाय असा की, प्रत्येकाने शेतात जाताना एक स्वच्छ, तयार नोझल डबीत घालून न्यावे. तुंबलेले काढावे, दुसरे लावावे व सफाई घरी येऊन सावकाश करावी. घाई टळली की तोंडाने फुंकण्याचा मोहही टळतो.

जुने नोझल तुंबत नाही म्हणून ते चांगले, असे समजू नये. वापराने भोक रुंद होत जाते. हे तपासण्यासाठी एक मिनिट फवारा मोजपात्रात धरावा. नवे नोझल मिनिटाला ६०० मिलिलिटर देत असेल आणि जुने त्याच दाबाला ६६० मिलिलिटरच्या वर देऊ लागले, म्हणजे वाढ दहा टक्क्यांपलीकडे गेली, तर ते बदलावे.

बोर्डो मिश्रण आणि कुळागर

गोव्याच्या कुळागरांत तुंबण्याचा प्रश्न सर्वाधिक येतो तो सुपारीवरच्या फवारणीत. कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर आणि पुढे साधारण ४० ते ४५ दिवसांनी पोफळीच्या शिपटांवर एक टक्का बोर्डो मिश्रण मारले जाते. फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षांवरील रोगासाठी एकोणिसाव्या शतकात उपयोगात आलेले हे मिश्रण अद्याप टिकून आहे. मात्र त्यात चुना असतो, आणि चुन्याचा खडा हा नोझलचा हाडवैरी होय.

१ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावे. १ किलो चांगला चुना थोड्या पाण्यात विझवून, गाळून, निराळ्या भांड्यात ५० लिटरचा करावा. भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असावीत, लोखंडाची नसावीत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ढवळत ओतावे. स्वच्छ लोखंडी सुरी त्यात बुडवून पाहिली असता तिच्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून आणखी चुन्याचे पाणी घालावे. तयार मिश्रण पातळ फडक्यातून पुन्हा गाळून पंपात भरावे, अधूनमधून हलवावे आणि त्याच दिवशी संपवावे. शिळ्या मिश्रणाचा साका तळाला बसतो व दुसऱ्या दिवशी झडपा धरून बसतात.

उंच पोफळींसाठी पायपंप किंवा रॉकर पंप वापरला जातो. त्याची ओढनळी बादलीत सोडलेली असते, म्हणून तिच्या टोकाची गाळणी तळाच्या साक्यापासून चार बोटे वर राहील असे करावे. लांब नळीचा प्रत्येक जोड आधी पाण्याने तपासावा. वर चढलेल्या माणसाच्या हातातील जोड गळला तर थेंब खाली पंप मारणाऱ्याच्या डोक्यावर पडतात.

बोर्डो मिश्रणाची गळती निळसर डागामुळे चटकन ध्यानात येते. अनेक कीटकनाशकांचे द्रावण पाण्यासारखे दिसते व डाग न ठेवता अंगात मुरते. म्हणून डाग दिसला नाही याचा अर्थ पंप गळला नाही असा होत नाही.

बॅटरीवरचा पंप

अलीकडे बॅटरीचे पंप गावोगाव दिसतात. त्यांत दांडा मारण्याचे श्रम नाहीत; पण दाब कमी झाल्याचे हाताला जाणवण्याची सोयही राहिलेली नाही. यांतील मोटर कॉक बंद केल्यावर दाब भरताच आपोआप थांबते. कॉक बंद असूनही ती पुन्हा पुन्हा सुरू होऊन थांबत असेल, तर पुढच्या भागात कोठेतरी गळती आहे अशी ती सूचनाच होय. मोटर चालते पण फवारा येत नाही, तेव्हा टाकीच्या तळाची गाळणी तुंबली आहे किंवा ओढनळी सैल होऊन हवा येत आहे. मोटर मुळीच चालत नसेल तर बॅटरीची जोडणी, फ्यूज व स्विच या क्रमाने पाहावे. हंगाम संपल्यावर बॅटरी उतरलेल्या स्थितीत ठेवून दिली तर ती पुढच्या वर्षी उपयोगी पडत नाही. मधूनमधून चार्ज करीत राहावे.

औषध भरलेले असताना बिघाड झाल्यास

सर्व काळजी घेऊनही शेतात बिघाड होऊ शकतो. अशा वेळी प्रथम पंप पाठीवरून उतरवावा. पाठीवर असतानाच मागे हात घालून चाचपू नये. अंगावर द्रावण पडले असेल तर पंपाकडे नंतर पाहावे, आधी भिजलेले कपडे काढून साबणाने व भरपूर पाण्याने अंग धुवावे. यासाठी पाण्याची कळशी, साबण आणि कपड्यांचा एक जोड बांधावर तयार असावा. मग हातमोजे घालून, दाब उतरवून बिघाड पाहावा. सांधा, झडप किंवा टाकी गळत असेल आणि सुटा भाग जवळ नसेल, तर द्रावण दुसऱ्या चांगल्या पंपात गाळून ओतावे किंवा त्या दिवसाचे काम थांबवावे. एका दिवसाने फवारणी लांबली तर पिकाचे थोडे नुकसान होईल. परंतु ते भरून येते.

मळमळ, डोके दुखणे, घाम सुटणे, लाळ येणे, अंधारी येणे, हातपाय थरथरणे यांपैकी काही जाणवल्यास काम तत्काळ सोडून सावलीत यावे, अंग धुवावे आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. घरगुती उतारे देण्यात वेळ घालवू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांनुसार त्या चिठ्ठीवर विषाची तीव्रता दाखविणारा रंगीत त्रिकोण असतो व उताऱ्याची माहिती छापलेली असते. लाल म्हणजे अत्यंत विषारी, नंतर पिवळा, निळा व हिरवा असा तो उतरता क्रम आहे. डॉक्टरांना योग्य उपचार ठरविण्यास या चिठ्ठीचा मोठा उपयोग होतो.

फवारणीनंतरची धुलाई

पुढच्या वेळचे तुंबणे हे आजच्या न धुतलेल्या पंपात दडलेले असते. काम संपताच टाकी स्वच्छ पाण्याने तीन वेळा विसळावी आणि प्रत्येक वेळी ते पाणी दांडा मारून नळी व नोझलमधून बाहेर काढावे, म्हणजे आतील भागही धुतले जातात. हे पाणी फवारलेल्या पिकावरच टाकावे. ओहोळ, विहीर, तळी किंवा गुरांच्या पाणवठ्याजवळ पंप धुऊ नये. गाळण्या व नोझल काढून घासावेत. तणनाशकाचा पंप शक्यतो निराळाच ठेवावा व त्यावर ठळक खूण करावी. धुतल्यावरही राहिलेला अंश दुसऱ्या पिकाला जाळू शकतो.

हंगामाच्या अखेरीस टाकी उलटी करून निथळू द्यावी, चामड्याच्या वायसरला तेल द्यावे, फिरत्या भागांना वंगण लावावे आणि झाकण सैल ठेवून पंप सावलीत टांगावा. नळी गुंडाळताना मुडपू नये. उंदीर ती कुरतडतात, म्हणून उंच ठेवावी. पंप व औषधे धान्याच्या कोठीजवळ किंवा मुलांच्या हाती लागतील अशा जागी असू नयेत.

गावाने करावयाचे काम

यातील पुष्कळशा गोष्टींना पैसा थोडा आणि पूर्वतयारी अधिक लागते. दोन वायसर, झाकणाचे एक रबरी कडे, एक नोझल, नळीची क्लिप आणि टेफ्लॉनची टेप एवढे साहित्य एका डबीत मावते. गावच्या सोसायटीने हे सुटे भाग हंगामापूर्वी आणून ठेवले, आणि विभागीय कृषी कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या मदतीने एखादा दिवस ठरवून सर्वांनी आपापले पंप साध्या पाण्याने तपासले, तर निम्म्याहून अधिक तक्रारी शेतात पोहोचण्यापूर्वीच मिटतील. पंप मालकाचा असतो, पण पाठ बहुधा मजुराची असते. म्हणून तपासणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि गळका पंप पाठीवर घेण्यास नकार देण्याचा मजुराला अधिकार आहे, हे दोघांनीही मान्य केले पाहिजे.

शिक्षकांनाही येथे मोठे कार्य आहे. झडप, दट्ट्या आणि हवेचा दाब हे विज्ञानाच्या पुस्तकातील धडे, औषधाचा स्पर्श कधीही न झालेला नवा पंप किंवा सायकलचा पंप समोर ठेवून उत्तम शिकविता येतात. शेतात वापरलेला पंप मात्र मुलांच्या हाती देऊ नये. तो धडा शिकलेला मुलगा घरी गेल्यावर वडिलांना नोझल फुंकताना पाहील, तेव्हा तो गप्प बसणार नाही.

पंपाला वाचा नाही; तो आपली तक्रार थेंबाने सांगतो. तो पहिला थेंब अंगणात, साध्या पाण्याचा असतानाच पाहावा. तोच थेंब दुसऱ्या दिवशी शेतात पाठीवर पडला, तर त्याची किंमत वायसरच्या किमतीत मोजता येणार नाही.